वैद्याचे चिकित्सालय आणि सायबर गुन्हे : संप्राप्ती व प्रतिबंध

आपल्या त्रैमासिकात आमवात, ग्रहणी, रसकल्पांची शुद्धी अशा विषयांवरील लेख वाचण्याची सवय असलेल्या वैद्यमित्रांना प्रस्तुत लेखाचे शीर्षक पाहून थोडे आश्चर्य वाटेल. परंतु चिकित्सालय ही जशी सेवा आहे, तसाच तो एक छोटा व्यवसायही आहे. जागेचे भाडे, विजेचे बिल, मदतनिसाचा पगार, काष्ठौषधींच्या व्यापाऱ्याची देणी हे सारे त्यातूनच भागवावे लागते. या व्यवसायाचा गल्ला आता टेबलाच्या खणात राहिलेला नाही. तो मोबाईलमध्ये गेला आहे. खणाला कुलूप लावून किल्ली जानव्याला किंवा कमरेला बांधणारे आपले वाडवडील आपण पाहिले आहेत. मोबाईलमधल्या गल्ल्याला कुलूप कसे लावायचे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही. मला ते शिकण्यासाठी ४९,००० रुपये मोजावे लागले. तो अनुभव सांगण्यास संकोच वाटतो. परंतु तो संकोचच या विकाराचा सर्वांत मोठा सहायक हेतू आहे असे माझ्या लक्षात आल्यामुळे हा लेख लिहिण्याचे ठरविले.

घडलेला प्रकार

माझे चिकित्सालय भोईवाड्यात आहे. केईएम, टाटा आणि वाडिया ही मोठी रुग्णालये जवळच असल्याने परगावाहून आलेले रुग्णांचे नातेवाईक, गिरणगावातील जुनी कुटुंबे आणि गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत नव्याने आलेली मंडळी, असा संमिश्र रुग्णवर्ग माझ्याकडे येतो. २०२३ सालच्या पावसाळ्यातील एका शनिवारी सायंकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, एक दूरध्वनी आला. बोलणाऱ्याने आपण कुलाब्याच्या लष्करी तळावरील सुभेदार असल्याचे हिंदीत सांगितले. पंचवीस जवानांना गुडघ्यांचा व कंबरेचा त्रास आहे, सात दिवस अभ्यंग व स्वेदन करावयाचे आहे, किती खर्च येईल, अशी त्याने अदबीने विचारणा केली. मी आकडा सांगितला. त्याने घासाघीस केली नाही. भोईवाड्यात घासाघीस न करणारा ग्राहक भेटला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते!

पाठोपाठ व्हॉट्सॲपवर गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्र आले. रक्कम आगाऊ देतो, परंतु लष्कराच्या खात्यातून पैसे देण्याची पद्धत निराळी असते, आधी आपण १० रुपये पाठवा, मग आमच्याकडून दुप्पट येतील, असे त्याने सांगितले. मी १० रुपये पाठवले. खरोखरच २० रुपये आले. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन घातला की २४,५०० रुपये जमा होतील असे सांगितले. समोर एक आजी नाडी दाखवण्यासाठी हात पुढे करून बसल्या होत्या. एका हाताने त्यांची नाडी पाहत दुसऱ्या हाताने मी पिन घातला. २४,५०० रुपये जमा न होता खात्यातून गेले. तो शांतपणे म्हणाला, की व्यवहार अडकला आहे, पुन्हा एकदा तसेच करा, म्हणजे दोन्ही रकमा एकदम परत येतील. मी तसेही केले.

यानंतर मी काय केले, हे अधिक महत्त्वाचे आहे. मी काहीच केले नाही. उरलेले रुग्ण तपासले, चिकित्सालय बंद केले आणि घरी जाऊन जेवलो. चाळीस वर्षे लोकांचे चेहरे वाचणारा वैद्य दूरध्वनीवरील आवाजाला फसला, हे घरच्यांना कसे सांगावे या लाजेत रविवार गेला. सोमवारी बँकेची शाखा उघडल्यावर तेथे गेलो. तोवर त्या ४९,००० रुपयांपैकी ७,२०० रुपये एका तिसऱ्याच खात्यात शिल्लक होते; तेवढे गोठवता आले. बाकीची रक्कम शनिवारी रात्रीच कोठल्या तरी एटीएममधून काढली गेली होती. गोठवलेली रक्कमही त्या वेळी भोईवाडा न्यायालयात अर्ज करून, काही महिन्यांनी हाती आली.

संप्राप्तीचा विचार

आपल्यापैकी बहुतेकांची अशी कल्पना असते, की सायबर गुन्हेगार हा संगणकशास्त्रात पारंगत असून तो कोठेतरी बसून आपले यंत्र फोडतो. असेही गुन्हे होतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल. परंतु छोट्या व्यावसायिकाच्या बाबतीत चोर यंत्राच्या वाटेला क्वचितच जातो. तो आपल्याच हातून दार उघडून घेतो. माझ्या प्रकरणात बँकेची प्रणाली शाबूत होती, मोबाईल निर्दोष होता. दोष शिरला तो माझ्या घाईतून. म्हणून या विषयातील पहिले निदान प्रज्ञापराध हेच आहे, आणि प्रतिबंधाचा विचारही तेथूनच केला पाहिजे.

लष्करी जवानाची बतावणी करून क्यूआर कोड पाठवण्याची ही युक्ती देशभर वापरली गेली आहे. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा, दंतवैद्य, खानावळी, मिठाईची दुकाने, घर भाड्याने देणारे लोक अशा अनेकांना ती लावण्यात आली. त्यात गणवेशाची निवड हेतुपूर्वक केलेली असते. जवानावर संशय घेणे आपल्या मनाला रुचत नाही, त्याच्याकडून चार पैसे कमीच घ्यावेत अशी आपली वृत्ती असते आणि त्याला घाई असणे आपल्याला स्वाभाविक वाटते. दहा रुपये पाठवून वीस मिळवण्याची पायरी ही तर रोग्याला आधी गोड अनुपान देण्यासारखी आहे. एकदा ते पोटात गेले की पुढची मात्रा विनातक्रार घेतली जाते.

येथे यूपीआय व्यवहाराचे शारीर समजून घेणे आवश्यक आहे. २०१६ साली सुरू झालेल्या या पद्धतीत पिन ही आपली सही आहे. धनादेशावर सही केली की पैसे आपल्या खात्यातून जातात. आपल्याला पैसे मिळावेत म्हणून आपणच धनादेशावर सही करतो असे कधी होत नाही. तद्वत, पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करणारा पैसे देतो. ज्याचा कोड तो पैसे घेतो. एवढे एक सूत्र माझ्या मनात पक्के असते तर पुढील सर्व प्रसंग टळला असता. या पद्धतीत पैसे मागणीची विनंती पाठवण्याचीही सोय होती. तिचा दुरुपयोग फार वाढल्यामुळे दोन व्यक्तींमधील व्यवहारांसाठी ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. परंतु क्यूआर कोडची वाट चालूच आहे आणि चोरांनी ती सोडलेली नाही.

पूर्वरूपे

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेले षट्क्रियाकाल आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. संचयावस्थेत दोष ओळखला तर तो सहज जिंकता येतो, भेदावस्थेपर्यंत थांबले तर तो बलवान होतो. या गुन्ह्यातही चोराचा संचयकाल असतो आणि त्यात आपणच त्याला साहाय्य करतो. दारावरील पाटी, नकाशावरील नोंद, औषधयोजनेच्या कागदावर छापलेले नाव, नोंदणी क्रमांक, मोबाईल आणि ई-मेल ही सर्व माहिती त्याला विनासायास मिळते. त्याला माझे नाव, मी पंचकर्म करतो ही गोष्ट आणि सायंकाळी माझ्याकडे गर्दी असते हे सर्व आधीच ठाऊक होते.

यापुढील पूर्वरूपे अशी, की बोलणारा घाई करतो, दूरध्वनी ठेवू देत नाही, दुसऱ्या कोणास विचारू नका असे सुचवतो, आणि भय किंवा लोभ यांपैकी एकाचा आधार घेतो. ही चार लक्षणे एकत्र दिसली, की बोलणारा बँकेचा असो, वीजखात्याचा असो वा पोलीस खात्याचा, निदानासाठी आणखी परीक्षा करण्याचे कारण उरत नाही. दूरध्वनी ठेवावा आणि आपल्या जवळच्या कागदावर असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः विचारणा करावी. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आणि इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावरही नव्हे. कारण ग्राहकसेवेचे बनावट क्रमांक तेथे पेरलेले असतात. बँकेचा क्रमांक पासबुकावर अथवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच खरा मानावा.

रूपभेद

रूपे मात्र अनेक आहेत आणि ती ऋतूप्रमाणे बदलतात. २०२२ साली, बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडली जाईल, असे संदेश सर्वत्र फिरत होते. आपल्या भागात वीज बेस्टची. परंतु संदेशात दिलेला क्रमांक कोणा तिऱ्हाइताचा असे. त्यावर दूरध्वनी केला की तो आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसेल असे एखादे ॲप घ्यायला लावी आणि मग दहा रुपये भरण्याच्या निमित्ताने आपला पिन पाहून घेई. तेलाची भांडी वीजशेगडीवर आणि औषधे शीतकपाटात असलेल्या वैद्याला रात्रीच्या साडेनऊचे भय किती वाटेल, हे सांगावयास नको.

अलीकडे वाहनदंडाचे ई-चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल येते. ही पत्रिका नसून मोबाईलमध्ये शिरणारे ॲप असते. ते एकदा आत गेले की आपल्याला येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. आपल्या ओळखीच्या माणसाकडून फाइल आली तरी ती सुरक्षित असेल असे नाही, कारण त्याचाही मोबाईल आधीच बाधित झालेला असू शकतो. या रूपात व्याधी संसर्गज आहे.

दुकानाबाहेर चिकटवलेल्या आपल्या क्यूआर कोडवर रात्री दुसराच कोड चिकटवण्याचे प्रकारही झाले आहेत. दिवसभर लोक पैसे देतात आणि ते भलत्याच्या खात्यात जातात. सकाळी दार उघडल्यावर मदतनिसाने स्वतःच्या मोबाईलवर तो कोड स्कॅन करून कोणाचे नाव येते ते पाहावे. अर्धा मिनिट पुरतो. तसेच काही जण पैसे दिल्याचा बनावट पडदा दाखवून औषधे घेऊन जातात. साउंडबॉक्स असेल तर त्याची घोषणा ऐकावी, नसेल तर आपल्या खात्यातील नोंद पाहावी. दाखवणाऱ्याचा मोबाईल पाहून औषध देऊ नये.

काष्ठौषधी मागवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. नेहमीच्या व्यापाऱ्याच्या नावाने संदेश येतो, की आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यात भरावी. मोठमोठ्या कंपन्यांची याच पद्धतीने ई-मेलद्वारे फसवणूक होत आली आहे. खाते बदलल्याचा संदेश आला की व्यापाऱ्याला जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करून, त्याचा ओळखीचा आवाज ऐकूनच रक्कम भरावी. केशर किंवा शिलाजित बाजारभावाच्या निम्म्या दराने देणाऱ्या अनोळखी जाहिरातदाराला आगाऊ पैसे देणाऱ्याविषयी मी काही लिहीत नाही. द्रव्याची परीक्षा न करता ते घेणाऱ्याला शास्त्रानेही सोडलेले नाही.

कुरिअरने औषधे पाठवणाऱ्या वैद्यांना भिववणारे आणखी एक रूप म्हणजे ‘डिजिटल अटक’. आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, असे सांगून गणवेशातील माणूस व्हिडिओवर येतो आणि कित्येक तास हलू देत नाही. ज्याच्या कपाटात विजयेचे कल्प आहेत तो वैद्य, परवाना असूनही, अशा वेळी गडबडून जातो. वैद्यमित्रांनी पक्के लक्षात ठेवावे, की भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कोणतेही पोलीस ठाणे व्हिडिओवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी रक्कम एखाद्या खात्यात ठेवावयास सांगत नाही.

यंत्रे फुटतात तेव्हा

चोर यंत्राच्या वाटेला क्वचित जातो असे वर म्हटले. परंतु तो गेला तर काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. ११ ऑगस्ट, म्हणजे शनिवारी, एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या प्रणालीत घुसून चोरांनी बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील यंत्रांमधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले. १३ ऑगस्टला, सोमवारी, आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या खात्यात पाठवण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरविले.

या घटनेत आपल्या उपयोगाची एक बाब आहे. हल्ल्याची सुरुवात आठवड्याच्या शेवटी झाली. मलाही दूरध्वनी आला तो शनिवारी सायंकाळी. शाखा बंद असते, ओळखीचा अधिकारी भेटत नाही आणि आपण सोमवारवर ढकलतो, हे चोराला माहीत असते. सण, सुट्टी आणि सायंकाळ हा या व्याधीचा प्रकोपकाल मानावयास हरकत नाही.

दुसरे उदाहरण रुग्णालयाचे आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद झाली आणि पुढे कित्येक दिवस रुग्णांची नोंद, तपासण्यांचे अहवाल, दाखल करून घेणे हे सर्व हाताने कागदावर करावे लागले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही अवस्था होते, तर एका संगणकावर दहा वर्षांच्या रुग्णनोंदी ठेवणाऱ्या आपल्या चिकित्सालयाचे काय होईल? उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा सर्व नोंदींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही बाधित होते. अनेक जण नेमकी हीच चूक करतात. संगणकाची प्रणाली चोरट्या प्रतीची नसावी आणि तिची अद्ययावत करण्याची सूचना आली की ती पुढे ढकलू नये. माझे वडील लिहीत त्या जाड रुग्णनोंदवह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. त्यांना वाळवीखेरीज कोणापासून भय नव्हते.

रुग्णाचे गुपित

आतापर्यंत आपल्या पैशांचा विचार झाला. परंतु चिकित्सालयात अशीही एक ठेव असते जी आपली नाही. वंध्यत्व, वाजीकरण, गुप्तरोग, मनोविकार यांसाठी येणारा रुग्ण जे सांगतो ते घरातही सांगत नाही. पूर्वी ते वैद्याच्या मनात अथवा वहीत राहत असे. आता रुग्ण व्हॉट्सॲपवर व्रणाची छायाचित्रे पाठवतात, वीर्यपरीक्षेचे अहवाल पाठवतात, आणि तो मोबाईल आपण परळच्या पुलावरील गर्दीत सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतो. तो चोरीला गेला आणि त्याला कुलूप नसेल, तर चोराच्या हाती केवळ यंत्र जात नाही. त्या रुग्णांना धमकावून पैसे उकळता येतात आणि त्यांची नावे आपल्याकडून गेलेली असतात. माझे ४९,००० रुपये गेले, ते मी पुन्हा मिळवीन. एखाद्या तरुण जोडप्याचे गुपित गेले तर ते मी कोठून आणून देणार?

म्हणून चिकित्सालयाचा मोबाईल घरच्या मोबाईलपासून वेगळा ठेवावा. त्याला सहा अंकी कुलूप असावे, व्हॉट्सॲपला दुपदरी पडताळणी लावावी आणि उपचार संपल्यावर छायाचित्रे कागदपत्रांसह वेगळ्या जागी हलवून मोबाईलमधून काढून टाकावीत. मदतनीस काम सोडून गेला की त्याला माहीत असलेले सर्व पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत. यात त्याच्यावर अविश्वास दाखवण्याचा हेतू नाही; घराची किल्ली परत घेतो, तसेच हे आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या संरक्षणात कसूर झाल्यास त्यात फार मोठ्या दंडाची तरतूद आहे. कायदा नसता तरी हे आपल्या व्यवसायाच्या धर्मातच होते.

आत्ययिक चिकित्सा

सर्पदंशात अरिष्टाबंधनाचे जे स्थान, तेच येथे पहिल्या तासाचे आहे. वाग्भटाचार्यांनी विष दंशस्थानी शंभर मात्रांइतका काळ थांबून मग शरीरात पसरते असे सांगितले आहे. गेलेला पैसाही पहिल्या खात्यात असाच थोडा वेळ थांबतो. मग तो भाड्याने घेतलेल्या खात्यांतून, दोन-चार तुकडे होत, पुढे पुढे जातो आणि शेवटी रोख रक्कम होऊन बाहेर पडतो. रोख झाल्यावर बंध बांधण्यास जागाच राहत नाही. मी शनिवारी रात्री गप्प बसलो तेवढ्या वेळात हेच झाले.

बंध बांधण्याचे साधन म्हणजे १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक. तो एप्रिल २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झाला आणि २०२२ पासून १९३० झाला. तक्रार नोंदताच ती ज्या बँकेकडे पैसा गेला तिच्याकडे जाते आणि तेथे शिल्लक असलेली रक्कम रोखून धरली जाते. पैसा पुढे गेला असेल तर त्याचा माग पुढच्या बँकेकडे लावला जातो. क्रमांक लागला नाही तर केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करता येते. दूरध्वनी करताना आपला खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. त्याच वेळी घरातील दुसऱ्या व्यक्तीने बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवून खाते थांबवावे. मोबाईलमध्ये संशयास्पद ॲप शिरले असेल तर त्याचे इंटरनेट प्रथम बंद करावे आणि हे सर्व दूरध्वनी दुसऱ्या मोबाईलवरून करावेत. अचानक सिमकार्डाचे नेटवर्क नाहीसे झाले आणि शेजाऱ्याचे चालू असेल, तर आपल्या नावाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता ध्यानात घेऊन कंपनीला लगेच कळवावे.

चोराशी झालेले संभाषण रागाच्या भरात पुसून टाकू नये; तोच पुरावा असतो. पोलिसांकडे जाताना माझी हद्द कोणती, हा प्रश्न मनात आणू नये. गुन्हा कोठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. आपल्या परिसरात ते भोईवाडा पोलीस ठाणे. मुंबईत २०२१ पासून पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणीही आहेत. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे केलेल्या फसवणुकीस माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चोर सापडतो का, हा वेगळा प्रश्न. माझा अद्याप सापडलेला नाही.

बँकेच्या दायित्वाबाबत वैद्यमित्रांत बराच गैरसमज आढळतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने असे ठरविले, की बँकेचा दोष नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत दिली तर त्याच्यावर भार पडू नये. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांनाही असेच आदेश देण्यात आले. मात्र आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे येथेही प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. मी बँकेशी भांडायला गेलो होतो. हे वाचल्यावर परत आलो.

फसवणुकीनंतर काही दिवसांनी, आपले गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा, असे सांगणारा कोणी भेटतो. तो बहुधा त्याच टोळीचा असतो. मलाही असा दूरध्वनी आला होता, आणि खरे सांगावयाचे तर क्षणभर मोह झाला.

चिकित्सालयातील व्यवस्था

या प्रकरणानंतर मी काही बदल केले. ज्या खात्याचा क्यूआर कोड टेबलावर आहे त्यात आता फार रक्कम ठेवत नाही. दर शुक्रवारी ती दुसऱ्या खात्यात हलवतो, आणि ते खाते मोबाईलला जोडलेलेच नाही. खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकेल याची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घेतली. रुग्ण समोर असताना पैशांचा कोणताही व्यवहार करावयाचा नाही, असा नियम केला. हा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले, कारण अडलेला माणूस दूरध्वनीवर विनवण्या करतो तेव्हा वैद्याला नाही म्हणता येत नाही. पाच हजारांहून अधिक रक्कम कोणालाही पाठवण्यापूर्वी मी घरी सौ.ला दूरध्वनी करतो. ती फक्त ‘कोणाला आणि कशासाठी’ एवढेच विचारते. त्या दोन प्रश्नांची उत्तरे मोठ्याने देताना पुष्कळ गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. टेबलाच्या काचेखाली १९३०, बँक आणि पोलीस ठाणे यांचे क्रमांक लिहिलेला कागद आहे. मदतनिसाला तो पाठ आहे.

शेवटी आपल्या मंडळाविषयी एक सूचना करावीशी वाटते. सभासदांची निर्देशिका आपण काढतो, तीत प्रत्येक वैद्याचे नाव, घरचा पत्ता, मोबाईल, ई-मेल, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. पूर्वी ती छापील होती आणि सभासदांच्या घरीच राहत असे. गेल्या काही वर्षांपासून तिची फाइल व्हॉट्सॲप गटांवर फिरते आणि सभासद नसलेल्या कित्येकांकडेही ती मी पाहिली आहे. पुढील आवृत्ती निघण्यापूर्वी जन्मतारीख व घरचा पत्ता वगळावा, आणि निर्देशिका केवळ छापील स्वरूपात द्यावी किंवा कसे, हा विषय कार्यकारिणीने येत्या वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती मी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. ज्या सभासदांना असा अनुभव आला असेल त्यांनी नाव न देता का होईना, तो कार्यवाहांकडे लिहून पाठवावा, म्हणजे त्या सभेत तो वाचता येईल.